कूलर आतच राहिला

चोर आमच्या घरी आले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच त्यांची वाट पाहू नये. ते समोरच्या घरी आले. संक्रांतीनंतरची गोष्ट. समोरचे लोक लग्नासाठी वरूडला गेले होते आणि त्यांचा कूलर, अकोल्यातल्या बऱ्याच घरांचा असतो तसा, बारा महिने खिडकीतच बसलेला होता. चोरांनी तो स्टँडसकट पुढे ओढला, बाजूला नीट उभा करून ठेवला आणि मागे उरलेल्या चौकोनातून आत गेले. पितळेची भांडी नेली, टीव्ही नेला, नव्या तुरीच्या डाळीचं पोतं नेलं. जाताना कूलर मात्र जागेवर लावला नाही. आईच्या मते हीच त्यांची चूक, नाहीतर घरचे परत येईपर्यंत गल्लीला पत्ता लागला नसता.

मी अमरावतीला असतो. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात बायकोसोबत राहतो. अकोल्याचं घर वडिलांनी बांधलेलं. वडील गेल्यापासून तिथे आई एकटी असते. सत्तरी ओलांडून बराच काळ झाला, पण आधार कार्डावरचं वय तिला मान्य नाही.

चोरीची बातमी आईने मला दिलीच नाही. चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगणात उभ्या असलेल्या कूलरचा फोटो टाकला आणि खाली जोडलेले हात. मला वाटलं, कूलर विकायला काढलाय. मग खालचे निरोप वाचले आणि फोन लावला.

"आई, समोर चोरी झाली?"

"हाव."

"कधी?"

"झाले दोन-तीन दिवस."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून? तू काय चोर धरून देणार होता?"

या बोलण्यामागे आमच्या घरातला जुना वाद होता. आईने आमच्याकडे येऊन राहावं असं मला वाटायचं आणि आपण इथून हलायचं नाही असं तिचं ठरलेलं होतं. मी गुडघ्यांचं कारण दिलं, तर ती म्हणायची की गुडघे अमरावतीलाही दुखतील. नळाला रोज पाणी येत नाही म्हटलं, तर म्हणायची की येतं त्या दिवशी भरून ठेवते, त्यात काय. रक्तदाब म्हटलं तर म्हणायची, तुझा किती आहे ते सांग आधी. अशी माझी सगळी कारणं वापरून झाली होती. चोर हे कारण नवं होतं आणि तेही तिच्या दारासमोर येऊन गेलेलं. तेव्हा बातमी ऐकून मला काळजी वाटली हे तर खरंच, पण काळजीच्या मागोमाग थोडा हुरूपही आला.

बायकोने तो लगेच ओळखला. मी पिशवी भरत असताना ती म्हणाली, "आईंचं घर पक्कं कराले चालले का रिकामं कराले?"

"दोन्हीपैकी जे जमेल ते," मी म्हणालो.

मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या बसमध्ये मी सगळं बोलणं जुळवून ठेवलं. पहिल्यांदा चोरांचं वर्णन करायचं, मग खिडक्या दाखवायच्या, मग खर्च आणि कटकट सांगायची, की ती आपोआप म्हणेल, जाऊ दे, मी येते तिकडे. वर्गात असा पाठ मी नेहमी करतो. मुलं नेमकं तिसऱ्या पायरीला काहीतरी विचारतात आणि पाठ बिघडतो, हे मी विसरलो.

घरी पोचलो तेव्हा आई आणि शेजारची चाची ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. चाचीचं घर कंपाउंडच्या भिंतीला लागून. तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. आता तिचा मुलगा त्याच जागी मोटारपंप दुरुस्त करतो. आई तिला भाभी म्हणते, ती आईला बाई म्हणते.

"आ गया बेटा?" चाची म्हणाली. "चोर पाहाले आला का? वो तो चले गये."

मी चहाही न घेता तिथेच सुरुवात केली. चोरांचं वर्णन नीट झालं. खिडक्यांकडे हात करून दाखवलं. मग म्हणालो, "पाय आई, आता दोनच रस्ते. एक तं सगळ्या खिडक्यांले पक्क्या जाळ्या बसवू, नाही तं तू माह्यासंगं चाल."

"बसव," आई म्हणाली.

खर्च आणि कटकट सांगायची राहूनच गेली.

"पण एक आयकून घे," तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "जाळ्या बसल्या का मंग अमरावतीचं नाव काढाचं नाही. घर पक्कं झालं का मी इथंच राहीन. भाभी, तुमी साक्षी."

"स्टाम्प पेपर आणू का?" चाचीने विचारलं.

असा तो करार झाला. त्यात आईची बाजू पक्की होती आणि माझ्या बाजूला खिडक्या.

करार झाल्यावर मात्र मी काम मनापासून केलं. एकदा का माणूस आपल्याच घरात चोराच्या नजरेने फिरू लागला, की त्याला कुठेच भिंत दिसत नाही, सगळीकडे भोकंच दिसतात. न्हाणीघराच्या झरोक्यातून माणूस आत येईल का, हे पाहायला मी खांदा लावून पाहिला. माझ्या मापाचा चोर असता तर घराची दारंही बंद करायची गरज नव्हती. पण वर्तमानपत्रात चोर सडपातळ असतात, म्हणून झरोक्यालाही जाळी धरली.

सगळ्यात मोठी खिडकी आई झोपते त्या खोलीची. तिला जाळी होती, पण ती भिंतीत पुरलेली नव्हती. चार कोपऱ्यांवर नटबोल्ट लावून चढवलेली. पाना असला की कोणीही खाली उतरवील. हे पाहून मी चकितच झालो. वडील मोठे व्यवस्थित गृहस्थ होते. सायकलची किल्लीसुद्धा ठरल्या खिळ्यालाच अडकवायचे. अशा माणसाने घरातली सर्वांत मोठी खिडकी चार बोल्टांच्या भरवशावर सोडावी? वय झालं की हात ढिला पडतो, असं मी मनाशी म्हटलं आणि वडिलांना माफ केलं.

"ही आधी पॅक कराची," मी आईला म्हणालो. "कूलरच्या खिडकीतूनच चोर येते, पाह्यलं ना समोर?"

"आपला कूलर तं आत हाय," आई म्हणाली.

"म्हूनच तं सोपं हाय. आत्ताच बंद करून टाकू."

कूलर आत होता हे खरंच. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली. आमच्याकडे थंडीत कूलर हे टेबल असतं. त्यावर आईची औषधं, शिवणाचा डबा, कुरडयांचा डबा, बंद पडलेला रेडिओ असं सगळं होतं. मी ते सरकवून जागा केली, कागद पसरला आणि जाळ्यांचा नकाशा काढला. नकाशा चांगला झाला. चहाचा कपही मी कूलरवरच ठेवला होता.

वेल्डिंगवाला जुन्या शहरातला होता आणि त्याचा फोन सतत वाजत असे. एका हाताने वेल्डिंग करून दुसऱ्या हाताने तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला "निघालोच" असं सांगायचा. त्याने मोठ्या खिडकीपाशी येऊन विचारलं, "सर, बोल्टवर ठेवू का पॅक करू?"

"पॅक."

"बिल्कुल?"

"बिल्कुल. भिंतीत गज गाडा, वरून सिमेंट मारा. पुन्हा पाहाचं काम नाही पडलं पायजे."

"नाही पडत," तो म्हणाला. "मुंगी येईन तं ते बी परवानगी काढून."

महाशिवरात्रीच्या सुट्टीला जोडून ते काम झालं. वर हिरवा रंग मारला, कारण त्याच्याकडे तोच उरला होता. चाची भिंतीपलीकडून पाहायला आली. तिने एकेका जाळीला हात लावून हलवून पाहिलं. एकही हलली नाही.

"हवा तं येऊन राहिली ना, बाई?"

"येते," आई म्हणाली. "पण आता नमस्कार करून येते."

मी अमरावतीला परतलो. बायकोने विचारलं, काय झालं. घर पक्कं झालं, असं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आई येत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे येत नाहीत. हरल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जाळ्यांचे फोटो इतके चांगले आले होते की मी ते स्टाफरूममध्ये दाखवत फिरलो.

होळी झाली आणि ऊन चढलं. एका दुपारी मी तासावरून बाहेर पडलो तोच आईचा फोन आला.

"बापा, कूलर कसा काढाचा?"

"कसा म्हंजे? दरसाली काढते तसा."

"दरसाली तं खिडकीतून काढतो."

मी व्हरांड्यात थांबलो.

"दारातून काढा मंग."

"दारातून जात असता तं दरसाली खिडकीतून काहून काढला असता, सांग बरं?"

इथे त्या कूलरबद्दल सांगायला हवं. तो बाजारातून आणलेला नव्हता. वडिलांनी तो टिनाच्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतला होता: जाड पत्रा, तिन्ही बाजूंना पाण्याने भिजणाऱ्या वाळ्याच्या ताट्या, खाली हौदासारखी टाकी. नवरीच्या कपाटाएवढा. माप त्यांनी खिडकीचं दिलं. खिडकीत तो असा बसायचा की बाजूने बोट जाणार नाही. पण दार आणि पुढची बोळकांडी यांचं माप त्यांनी घेतलं नव्हतं. पहिल्या वर्षी पावसाळा लागल्यावर कूलर आत आणायची वेळ आली तेव्हा तो दारात अडकला. मग वडिलांनी खिडकीची जाळी भिंतीतून उपटली, बोल्टांवर बसवली आणि कूलर खिडकीतून आत घेतला. तेव्हापासून दर वर्षी होळीनंतर पाना फिरायचा, जाळी उतरायची, चाचीचा मुलगा आणि गल्लीतले दोघे-तिघे येऊन कूलर खिडकीतून बाहेर स्टँडवर चढवायचे. लहानपणी मी स्वतः त्या पान्याला तेल लावलं आहे. ती जाळी वडिलांची ढिलाई नव्हती, ती त्यांनी केलेली दुरुस्ती होती. आणि मी ती सिमेंटने बुजवली होती.

"म्हंजे कूलर..." मी म्हणालो.

"आत हाय," आई म्हणाली. "पक्का."

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती आत जाऊन उशीत तोंड घालून हसली, ते मला बाहेर ऐकू आलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एसीत राहू राहू तुमचं डोकं गार पडलं." अकोल्यात चाचीचं म्हणणं याहून कडक होतं. आईने ते मला जसंच्या तसं कळवलं: "अकोले में पैदा हुआ और कूलर भूल गया? मंग याले याद काय राह्यते?"

अमरावतीच्या फ्लॅटात आम्ही एसी घेतल्याला काही वर्षं झाली होती. उन्हाळ्याआधी कूलर काढायचा असतो, ताट्या बदलायच्या असतात, पंप घासायचा असतो, ही गोष्ट माझ्या अंगातून कधी निघून गेली ते मला कळलं नव्हतं.

तोडगे मी फोनवरूनच सुचवायला लागलो. पहिला तोडगा, कूलर आतच लावायचा. आईने लावून पाहिला. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, तेव्हा तो थंड करतो. आतल्या आत त्याने खोलीची वाफ केली. आईच्या अंगाला साडी चिकटली, भिंतीवरचं कॅलेंडर वळलं आणि डब्यातल्या कुरडया नरम पडल्या. हे सगळं मी अकरावीला शिकवतो. बाष्पीभवन हा माझा आवडता धडा आहे.

दुसरा तोडगा, नवा छोटा कूलर घेऊन जाळीच्या बाहेर ठेवायचा. चाचीच्या मुलाने आपल्या घरचा ठेवून दाखवला. पण माझ्या जाळीचे चौकोन इतके बारीक होते, की हवा त्यातून फुंकर घातल्यासारखी येई. आई म्हणाली, दुधावर फुंकावं तसं लागतंय.

मग मी तिसरी गोष्ट बोललो. बोलायला नको होती.

"आई, मी का म्हनतो, उन्हाळ्यापुरती इकडे ये. पाऊस पडला का जाय परत. तोवर मी खिडकीचं काही तरी करतो."

पलीकडे पंख्याचं बटण फिरल्याचा आवाज आला.

"आता समजलं मले," आई म्हणाली.

"काय समजलं?"

"माह्या घरातून मले काढाले चोर नाही लागत. तू पुरतो."

मुद्दाम केलं नव्हतं हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज वही घरी राहिलेल्या मुलासारखा झाला. तिने ऐकून घेतलं आणि भाजी लागते म्हणून फोन ठेवला. घर पक्कं झालं की ती तिथेच राहणार, असा आमचा करार होता. घर तर इतकं पक्कं झालं होतं की आता तिथे राहता येत नव्हतं, आणि एप्रिल अजून लागायचा होता.

त्यानंतर तिने तक्रार केली नाही, हे मला जास्त खटकलं. ऊन वाढत गेलं. मी विचारायचो, कसं चाललंय, ती म्हणायची, मस्त. अकोल्याचा पारा टीव्हीवर आपल्या नावासकट झळकू लागला तरी मस्त. एका दुपारी मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. मला समोरच्या घरातला तो चौकोन दिसू लागला. मग चाचीला फोन लावला.

"चाची, आई फोन उचलत नाही."

"चिल्ला मत बेटा. सो रही है."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? माह्या घरी. कूलरसमोर. रोज तं येते जेवन झालं का. तुले नाही सांगतलं का?"

रोज दुपारी जेवण झालं की आई घराला कुलूप लावून चाचीकडे झोपायला जायची आणि ऊन उतरल्यावर परत यायची. ज्या घराच्या झरोक्यालाही मी जाळी लावली, ते घर रोज दुपारभर रिकामं पडत होतं, आणि गल्लीत सामसूम असते ती नेमकी तेव्हाच. चोरांना वेळ कळवायचंच बाकी होतं. पण या विचारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने मी अस्वस्थ झालो. आई उकाड्यात घर सोडून दुसरीकडे जात होती, पण ती भिंतीपलीकडे गेली, अमरावतीला आली नाही. ती घराला चिकटून राहायचा कुठला ना कुठला मार्ग काढणार, आणि तो तिला शोधायला लागू नये एवढंच माझ्या हातात होतं.

पेपर तपासून झाले तसा मी अकोल्याला गेलो. वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो ग्राइंडर घेऊन आला, जाळीपाशी उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमीच मनले होते पॅक करा."

"हो."

"बिल्कुल मनले होते."

"हो बाबा. आता काढा."

"आता तं भिंत बी फुटन," तो खुशीत म्हणाला. काम चांगलं झाल्याची याहून मोठी पावती त्याला मिळणार नव्हती.

भिंत फुटली. ठिणग्या उडाल्या, हिरवा रंग जळाल्याचा वास घरभर झाला, आणि दुपारपर्यंत जाळी अंगणात पडली. वेल्डिंगवाला चहाला गेला. खिडकीच्या जागी आता नुसता मोठा चौकोन होता आणि त्यातून झळा सरळ आत येत होत्या. आई येऊन तिथे उभी राहिली. कडेवर साचलेली सिमेंटची धूळ तिने हाताने बाहेर लोटली.

मी शेवटचं विचारून घ्यावं म्हणून विचारलं. आता जाळी नाहीच आहे, तर करारही नाही, असं माझ्या मनात असावं.

"आई, तुले तिकडे काय तरास होते, सांग तरी."

"तरास काहीच नाही," ती म्हणाली. "सून चांगली हाय. तू बी ठीक हाय." मग कडेची उरलेली धूळ लोटत, "पण तुमच्या घरी म्या आजलोक एक खिडकी उघडली नाही. दिवसा मनते एसी सुरू हाय. संध्याकाळी मनते मच्छर येते. मी आपली पडदा सारून पाहते, खाली स्कूटरा दिसते, पडदा लावून घेते. पाहुनी मानूस खिडकी कशी उघडन?"

"तू पाहुनी हाय का?"

"मंग काय हावो? चादर कुठं ठेवली ते बी इचारा लागते मले."

"अन् इथं एकटीले भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती इतक्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे पाहिलं. "समोर चोरी झाली तवापासून तं रोज वाटते. कायचा बी आवाज झाला तं वाटते. वाटली का दिवा लावते, पानी पेते, पुन्हा पडते. माह्या घरात मले भीती वाटली तं चालते."

फाटक वाजलं, वेल्डिंगवाला परत आला, त्याच्या पाठोपाठ चाचीचा मुलगा आणि गल्लीतले दोघे. कूलरवरचे डबे, औषधं, रेडिओ उतरवले, चादर काढली. चौघांनी कूलर उचलला, पाचवा मी आडवा आलो म्हणून चाचीने मला बाजूला बोलावून घेतलं. खिडकीतून तो तिरका न होता, कुठेही न घासता बाहेर गेला आणि स्टँडवर बसला. वडिलांचं माप अजून बरोबर होतं.

मग नवी रचना केली. खिडकीला जाळी लावायचीच नाही. त्याऐवजी बाहेरून कूलरभोवती जाड गजांचा पिंजरा करायचा, भिंतीत पक्का, आणि पाणी भरायला व ताट्या बदलायला त्याला छोटं फाटक. त्याला कुलूप. पावसाळ्यात कूलर पूर्वीसारखा खिडकीतूनच आत येईल. आईने यात एकच दुरुस्ती सांगितली: फाटकाची एक किल्ली चाचीकडे राहील, म्हणजे नळ आला की तिचा मुलगा परस्पर टाकी भरून देईल. मी किल्ली दुसऱ्याकडे देण्याच्या धोक्यांविषयी बोलायला सुरुवात केली. दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबलो.

"कूलर को जेल हो गई," दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा उभा राहिल्यावर चाची म्हणाली.

"घरात काही नाही तं नाही," आई म्हणाली, "पण कूलर आता कोनी नेऊन दाखवा."

नव्या ताट्या भिजायला वेळ लागला. आधी गरम हवा आली, मग ओलसर, मग अचानक थंड, वाळ्याच्या वासाची. आईने जेवण वाढलं. ती रोजच्यासारखी चाचीकडे गेली नाही. आपल्या पलंगावर, कूलरच्या तोंडाशी, डोक्यावर पदर घेऊन झोपली. बाजूला खाली सतरंजीवर मी आडवा झालो. तो कूलर ट्रॅक्टरसारखा वाजतो. त्या आवाजात कोणी जाळ्या कापून, दार फोडून, बँड लावून आत आला असता तरी आम्हाला कळलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर मी झोपेत शिरलो होतो.

जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. हाक मारली, उत्तर नाही. कूलर बंद करून पुन्हा हाक मारली. पुढचं दार ओढून पाहिलं तर बाहेरून कुलूप. शेजारी पाच मिनिटांसाठी जायचं असलं तरी कुलूप लावल्याशिवाय जायचं नाही, असं मी तिला आदल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तिने माझं ऐकलं होतं. मागच्या दाराला आतून कुलूप, त्याची किल्ली तिच्या कमरेला. खिडक्यांचा बंदोबस्त तर मी स्वतःच केलेला. माझा फोन घरातच कुठेतरी होता, पण तो शोधण्याआधी मी पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेलो, कारण गल्लीतून कोणीतरी जात होतं.

तो बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलणारा माणूस होता. मी गज धरून त्याला हाक मारली. त्याने दाराचं कुलूप पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा कुलूप पाहिलं.

"कोन हा तुमी?"

"मी या घरचाच आहे. जरा शेजारी आवाज द्या."

"या घरी तं काकू एकट्याच राह्यते," तो गाडी न सोडता म्हणाला. "आत कसे गेले तुमी?"

"मी त्यांचा मुलगा."

"कधी पाह्यलं नाही तुमाले."

त्याने माझ्यावरची नजर न काढता चाचीच्या घराकडे तोंड केलं आणि गल्ली जागी होईल असा ओरडला, "ओ काकूऽ! तुमच्या घरात कोनी मानूस हाय!"

भिंतीपलीकडून बशांचा आवाज आला. मग आईचा आवाज, शांत, चहा ओतता ओतता काढलेला.

"हाव, हाव. पोरगा हाय माहा. राहू दे त्याले आत, येतोच आमी चहा पिऊन."

गोळेवाला थोडा वेळ थांबला. तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, याचा त्याने विचार केलेला दिसला. मग ठेवायचं ठरवून, एकदा वळून माझ्याकडे पाहत, तो गाडी घेऊन पुढे गेला. मी आत येऊन कूलर सुरू केला.